मागचा लाईट

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



मला इथं बोलावतात ते बहुतेक वेळा कवितेसाठी. आज मी एका जुन्या मोटारीच्या मागच्या लाईटबद्दल बोलणार आहे. विषय फोनवर कळवला तेव्हा पलीकडून दोन क्षण आवाजच आला नाही. मग हळूच विचारलं गेलं, 'म्हणजे प्रतीक म्हणून का, सर?' म्हटलं, नाही हो, खराखुरा लाईट. बारा व्होल्टचा, पाच वॅटचा, लाल प्लॅस्टिकच्या आडचा.

झालं असं. मागच्या डिसेंबरात अक्कलकोटहून एक लग्न उरकून परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. वळसंग मागं पडलं होतं. माझी गाडी जुनी, मीही काही तरुण नाही, त्यामुळं आमचा दोघांचा वेग चाळीसच्या पुढं जात नाही. अचानक मागं कचकन ब्रेक लागल्याचा आवाज आला, टायर घासल्याचा आवाज आला आणि एक मोटारसायकल माझ्या डाव्या बाजूनं, अगदी कडेच्या खडीवरून, डुगडुगत पुढं येऊन थांबली. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. पडला नव्हता, पण हात थरथरत होते. म्हणाला, 'काका, मागचा लाईट तरी लावा की!'

'लावलाय रे बाळा,' मी म्हणालो.

'बघा तुम्हीच,' असं म्हणून तो निघून गेला.

मी उतरून मागं गेलो. दोन्ही लाईट चालू होते. चालू म्हणजे काय, विडी विझायच्या आधी तिचं टोक जेवढं लाल दिसतं, तेवढे. दहा पावलं मागं सरलो आणि वळून बघितलं, तर गाडीच्या जागी नुसता काळोख. पुढं हेडलाईटचा उजेड व्यवस्थित पडलेला, आणि मागं गाडी नाहीच.

पुढचा दिवा मंद झाला तर त्याच रात्री कळतं, कारण खड्डा आपल्यालाच दिसत नाही. मागचा दिवा वर्षानुवर्षं मंद होत जातो आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो. कारण तो त्याच्यासाठी नसतोच. मी ही गाडी चौदा वर्षं चालवत होतो. दर रविवारी धूत होतो. क्रोम चमकवत होतो. गाडीच्या मागं उभं राहून रात्री एकदाही बघितलं नव्हतं.

मला इतकं लागायचं कारण सांगतो, पण त्याआधी गाडीविषयी.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालचं मॉडेल. आमच्या सोलापुरात या गाडीकडं लोक अजून थोडं घरच्यासारखं बघतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ते वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे, १८८२ सालचे. कंपनी निघाली १९४४ साली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार १९४७ साली बाहेर पडली, ती क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी केलेल्या करारातली. फियाट आली त्यानंतर, १९५० च्या दशकात. वालचंदशेठ १९५३ साली गेले, त्यामुळं फियाटचं पुढचं राज्य त्यांनी पाहिलं नाही. आधी ती गोलमटोल गाडी, मग १९६४ पासून चौकोनी बांध्याची इलेव्हन हंड्रेड डिलाइट, मध्ये थोडा काळ तिचं नाव प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या दांड्याच्या गिअरवर ज्याचा हात बसला त्याला खालचा गिअर म्हणजे बैलाची शेपटी पिरगाळल्यासारखं वाटतं.

त्या गोलमटोल गाडीला साऱ्या महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणायचे. माझे मामू तरुणपणी एका व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होते, आणि त्यांच्याकडं नेमकी हीच गाडी. गल्लीतली पोरं ओरडायची, 'तुझ्या मामाची डुक्कर आली!' नानीला हे कळलं त्या दिवशी घरात जे रामायण झालं (नानीच्या तोंडचाच शब्द आहे हा) ते विचारू नका. शेवटी तोड निघाली: आमच्या घरात त्या गाडीला 'सेठची गोल गाडी' म्हणायचं. आजही माझ्या तोंडी तेच येतं.

मामूंनी पुढं स्वतःची गाडी घेतली, ही पद्मिनी, १९८६ साली, सेकंड हँड. तिच्यावर त्यांनी भाविकांना फिरवलं. सोलापूरला उतरलेल्या माणसाला तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-बहात्तर, आणि गाणगापूर कर्नाटकात. सकाळी नमाज पढून मामू गाडी काढायचे आणि दिवसभरात देवी, स्वामी, विठोबा असं सगळं करून रात्री परत यायचे. तुळजापूरच्या घाटात कुठल्या वळणावर कुठल्या गावच्या माणसाला उलटी होते इथपर्यंत त्यांचा अभ्यास होता.

आता कारण सांगतो.

१९९४ च्या जानेवारीत माझा मामेभाऊ, मामूंचा थोरला मुलगा, मोटारसायकलवरून मोहोळकडून येत होता. वय चोवीस. गळीत हंगाम चालू. रस्त्यात उसानं भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला दगड लावलेला, बस्स. आणि उजेड नव्हता असंही नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या जोडीदाराच्या हातात टॉर्च होती. ती त्यानं जॅककडं धरली होती.

मामूंनी त्या ट्रॅक्टरवाल्याला शिवी दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते एवढंच म्हणत, 'उसको दिखाच नै.' पण त्यानंतर मामूंनी रात्रीचं भाडं बंद केलं. आणि एक गोष्ट सुरू केली. बाजारातून सायकलला लावतात ते लाल रिफ्लेक्टर डझनानं आणायचे आणि बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून डिकीत ठेवायचे, बाइंडिंग वायरच्या गुंडाळीसकट. चहाच्या टपरीवर उसाची ट्रॉली किंवा टायरगाडी उभी दिसली की जाऊन विचारायचे, 'मालक, हे बांधू का?' कुणी हसायचं, कुणी म्हणायचं बांधा. काहींनी पैसे मागितले, जागा वापरल्याचे! मामू २०११ साली गेले आणि गाडी माझ्याकडं आली.

आता तुमच्या लक्षात येईल. वळसंगच्या पुढं तो पोरगा थरथरत उभा होता तो याच गाडीच्या मागं.

यात एक गोष्ट मला नंतर सुचली, ती सांगून टाकतो. ज्या वालचंदांनी मोटारीचा कारखाना काढला, त्यांनीच त्याआधी इंदापूर तालुक्यात ऊस लावला आणि साखर कारखाना उभा केला, तिथल्या वसाहतीला आज वालचंदनगर म्हणतात. पुढं तर आमचा जिल्हा साखर कारखान्यांचाच झाला. ऊस आणि मोटार, एकाच माणसाच्या दोन हौशी, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात रोज रात्री आमच्याच रस्त्यावर त्यांची अंधारात गाठ पडते. असो.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा एक मूर्खपणा केला. दुकानात जाऊन म्हणालो, 'मागच्या लाईटला जास्त पॉवरचा बल्ब द्या.' त्यानं दिला. पहिल्या रात्री फरक वाटला, किंवा वाटावा असं मला वाटत होतं. आठवड्याभरात उजव्या लाईटच्या लाल काचेला (आपण काच म्हणतो, असतं ते प्लॅस्टिक) भाकरीला येतो तसा फोड आला. उजेड होता तेवढाच, उष्णता मात्र दुप्पट.

मग मी अशोक चौकाकडं एका वस्तादांकडं गेलो. मूळचे यंत्रमागाच्या कारखान्यातले वायरमन, नंतर गाड्यांच्या लाईटच्या कामात आले. घरची भाषा तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मल्टिमीटरशी बोलताना पुन्हा तेलुगू. त्यांनी फोड आलेली काच बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'बल्बला कशाला त्रास देता मालक? बल्ब बिचारा काय करंल? ह्याला अर्थ लागत नाही.'

श्रोतेहो, तीस वर्षं कविता लिहितोय. 'अर्थ लागत नाही' हे वाक्य मी संपादकांकडून ऐकलंय, परीक्षकांकडून ऐकलंय, घरच्यांकडून तर रोज. पण इतक्या अचूकपणे कुणी म्हटलेलं नव्हतं.

वस्तादांचा अर्थ म्हणजे अर्थिंग. मोटारीत बॅटरीपासून लाईटपर्यंत एक वायर जाते. परत यायला वायर नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला घट्ट बांधलेलं असतं आणि लाईटचा होल्डर मागं त्याच पत्र्याला टेकलेला असतो. म्हणजे करंट वायरनं जातो आणि गाडीच्या अंगाखांद्यावरून परत येतो. नवी गाडी असते तोवर हे छान चालतं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पत्रा गंजतो, होल्डर गंजतो, कुणीतरी रंग देताना स्क्रूच्या खालीही रंग देऊन ठेवतो. जायला रस्ता आहे, यायला नाही. मग करंट अडखळत येतो आणि दिवा मंद होतो.

वस्तादांनी मला स्वतः मोजायला लावलं. ही गोष्ट घरी कुणीही करू शकतो, शे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीच्या दोन टोकांवर आले १२.४ व्होल्ट. लाईट चालू ठेवून बल्बच्या दोन टोकांवर मोजले, ९.९. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गेले. आता चोर कुठं आहे ते बघायचं. मीटरचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरं लांब वायरनं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. तिथं शून्याच्या जवळ यायला हवं होतं. आले १.७. उरलेले आठ दशांश जुन्या स्विचमध्ये आणि वायरीच्या जोडांत गेले होते.

मी म्हणालो, 'वस्ताद, बारामधले अडीच गेले, म्हणजे पाचवा हिस्सा. तेवढ्यानं एवढा अंधार?'

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकात पडताळून बघितलं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं कमी होतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर उजेड तीस टक्के जातो. पाचवा हिस्सा गेला तर उजेड निम्म्याहूनही कमी राहतो. तार नीट तापतच नाही, म्हणून पांढरी न होता तांबडी राहते. आणि जास्त वॅटचा बल्ब लावला की तो जास्त करंट मागतो, त्याच गंजक्या रस्त्यावरून. मग वाटेतली गळती आणखी वाढते. मी लावलेल्या बल्बनं उष्णता भरपूर दिली आणि उजेड बेताचाच, त्याचं कारण हेच.

अर्थ बिघडल्याची आणखी एक खूण त्यांनी दाखवली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रेक दाबल्यावर मागचा लाईट उजळायच्या ऐवजी मंद झाला, किंवा ब्रेकबरोबर इंडिकेटरही मिणमिणला, तर समजायचं की करंटला परत जायला वाट मिळत नाहीये आणि तो शेजारच्या बल्बमधून शिरून दुसरीकडून बाहेर पडतोय. माझ्या गाडीत डावीकडं हे होत होतं. मी आजवर त्याला गाडीचा स्वभाव समजत होतो.

काम तसं सोपं निघालं. दोन्ही होल्डर काढले, आतून पॉलिश पेपरनं घासून पितळ उघडं केलं. प्रत्येक होल्डरपासून एक स्वतंत्र काळी वायर घेतली, टोकाला थिंबल दाबलं, आणि डिकीत एका बोल्टाखालचा रंग खरवडून तिथं पक्की कसली. दोन्ही बाजू एकमेकींनाही जोडल्या. वर बोटभर व्हॅसलीन, पाणी लागू नये म्हणून. स्विचकडचे जोड साफ केले. पुन्हा मोजलं तर बल्बवर बारा व्होल्ट. नवीन काहीही विकत घेतलेलं नव्हतं, चार मीटर वायर सोडून. बल्ब परत मूळचाच लावला, पाच आणि एकवीस वॅटचा. या बल्बमध्ये दोन तारा असतात, पाचची रात्रभर जळायला आणि एकवीसची ब्रेकसाठी. त्याच्या बुडाशी दोन खुंट्या असतात, एक वर, एक खाली, बल्ब उलटा बसू नये म्हणून. तरी आपल्याकडं जोर करून उलटा बसवणारे बहाद्दर आहेत. मग रात्रभर ब्रेकलाईट जळतो आणि ब्रेक दाबला तरी फरक जेमतेमच कळतो.

वायर टाकण्यासाठी डिकी रिकामी केली तेव्हा स्टेपनीच्या मागं तो डबा सापडला. मी चौदा वर्षांत स्टेपनी काढलीच नव्हती असं नाही, पण हा डबा पार कोपऱ्यात, गोणपाटाखाली होता. आत सात रिफ्लेक्टर आणि गंजलेली वायर. वस्तादांनी विचारलं, 'हे काय ओ?' मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रिफ्लेक्टर फडक्यानं पुसून परत डब्यात ठेवले.

करंटचं काम झालं, तरी उजेडाचं काम उरलंच होतं. बल्बच्या मागं जी वाटीसारखी जागा असते तिचं काम उजेड पुढं फेकायचं. माझ्या गाडीत ती चहाच्या गाळणीच्या रंगाची झाली होती. जुने कारागीर तिथं सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायचे, पण ती निसटून होल्डरला लागली तर शॉर्ट होतं, म्हणून वस्तादांनी तसं केलं नाही. घासून चंदेरी रंगाचे दोन हात दिले. चंदेरी नसेल तर चकचकीत पांढराही चालतो, नुसता पांढरासुद्धा त्या तपकिरीपेक्षा कितीतरी बरा.

आणि काच. काचेच्या आत साचलेली धूळ आपण कधी धुतच नाही, कारण बाहेरून ती लालच दिसते. साबणाचं कोमट पाणी आणि जुना ब्रश, एवढंच वापरायचं. पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, प्लॅस्टिकला बारीक चिरा जातात आणि ते कायमचं आंधळं होतं. बाहेरून टूथपेस्टनं हलकं घासलं तर ओरखडे कमी होतात. माझी डावी काच अशी निघाली. उजवीला मी केलेला फोड होता, ती बदलावीच लागली, आणि पद्मिनीची काच आता सहज मिळत नाही. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर पार्ट मिळत होते. तिथल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांच्या नियमानुसार २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. माझा भाचा मुंबईला असतो. त्यानं भंगारातून एक लाल काच शोधून आणली. कुठल्याशा टॅक्सीची असणार. तिनं मुंबईत किती पावसाळे पाहिले असतील कोण जाणे, पण धुतल्यावर डाळिंबासारखी निघाली.

आता भाच्याचं म्हणणं होतं, 'मामू, एवढा खटाटोप कशाला? एलईडी टाका ना.' हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मी काही एलईडीच्या विरोधात नाही. तिला करंट थोडा लागतो, ती तापत नाही, म्हणजे काचेला फोड येत नाही. आणि एक मोठा गुण असा की ती लावताक्षणी लागते. तारेच्या बल्बला तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. ऐकायला काहीच नाही, पण मागची गाडी ताशी ऐंशीनं येत असेल तर तेवढ्या वेळात ती चार मीटरहून जास्त पुढं आलेली असते. चार मीटर म्हणजे माझी पद्मिनी जवळजवळ संपते तेवढं अंतर.

पण दोन-तीन गोष्टी बघून घ्यायच्या. लाल काचेच्या मागं लाल एलईडीच लावायची. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग थोडाच असतो, बाकीचा काच खाऊन टाकते आणि हाती गुलाबी फिकटपणा येतो. फक्त एका दिशेला उजेड फेकणारी एलईडी असेल तर मागची चंदेरी वाटी बिनकामाची होते. चहूबाजूंनी उजेड देणारी घ्यावी. इंडिकेटरला एलईडी लावली तर तो भराभर पिटपिटतो, कारण जुन्या फ्लॅशरला वाटतं की एक बल्ब गेलाय, म्हणून मग फ्लॅशरही बदलावा लागतो. आणि अर्थ खराब असेल तर एलईडीही कधी लागते, कधी नाही. ते काम चुकत नाहीच.

माझी खरी तक्रार वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. आजकाल ट्रकांच्या, जीपांच्या, अगदी मोटारसायकलींच्या मागंही पांढरे, निळे, लुकलुकणारे दिवे लावायची टूम आहे. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत सुई गेल्यासारखं होतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागं लाल दिवा आणि नंबरप्लेटवर पांढरा, असं साधं सांगून ठेवलंय, त्यामागं विचार आहे. मागचा दिवा फार मंद नको तसा फार प्रखरही नको, कारण ब्रेक दाबल्यावरचा फरक कळला पाहिजे. पाच आणि एकवीस. 'मी इथं आहे' आणि 'मी थांबतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मागच्याला त्या वेगळ्या कळाव्या लागतात. रात्रभर ओरडणारा माणूस संकटातही ओरडतोय हे कुणाला कळणार?

आणि ट्रॉल्या. गेल्या काही वर्षांत फरक पडलाय हे मी नाकारत नाही. हंगामाच्या सुरुवातीला परावर्तक पट्ट्या चिकटवतात, लाल कापड बांधतात. पण पट्टी चिकटवतात ती ट्रॉलीच्या फाळक्याला, आणि उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची हिरवी पात, तिच्यावरून लोंबत खाली येते. पट्टी आहे, पण पातीच्या मागं. दोन ट्रॉल्या जोडल्या की मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर बहुधा पोचतच नाही. पोचली तर तिथंही तेच, गंजलेलं हूक आणि अर्थ नाही. ट्रॅक्टरवाल्यावर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. तो बिचारा खेपांवर पैसे मिळवतो, सोळा-सोळा तास जागा असतो. पण कारखान्याच्या गेटवर वजनकाट्यावर उभं असताना प्रत्येक ट्रॉलीचा मागचा लाईट बघायला अर्धं मिनिट लागतं. वजन बघायला माणूस असतोच, तो उभा असतो तोही ट्रॉलीच्या शेजारीच.

डब्यातल्या सातांपैकी चार रिफ्लेक्टर याच हंगामात गेले, दोन मोहोळला, दोन तिऱ्ह्याच्या पुढं एका टायरगाडीला. पैसे कुणी मागितले नाहीत. टायरगाडीवाल्या बाईनं मात्र विचारलं, 'बैलांच्या शिंगाला बी एक बांधता का?' मी बांधला नाही. बांधायला हवा होता, असं आता वाटतं.

काम पुरं झालं त्या रात्री मी गाडी घेऊन एका लांब कंपाउंडच्या भिंतीशी गेलो. ही युक्तीही वस्तादांचीच. एकटा माणूस स्वतःचा मागचा लाईट बघू शकत नाही, पण गाडी भिंतीकडं पाठ करून दहा-बारा फुटांवर लावली आणि आरशात बघितलं की भिंतीवर पडलेला लाल उजेड दिसतो. लाईट लावला. भिंतीवर दोन लाल गोल उमटले. ब्रेक दाबला, ते फुलले. सोडला, मिटले. मी बराच वेळ ब्रेक दाबत-सोडत बसलो. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, 'गाडी चालू होईना का काका?'

नीट बघितल्यावर लक्षात आलं की डावा गोल उजव्यापेक्षा किंचित फिका आहे. वस्तादांना फोन लावला. जेवत होते. म्हणाले, 'डिकीच्या बिजागरीपाशी वायर आत जाती तिथं बघा की मालक. रबर फाटलं असंल, वायर पत्र्याला घासत असंल.'

मोबाईलच्या उजेडात बघितलं. रबर फाटलं होतं.